विकत घेण्याचा एकच अर्थ

एकेफोर्श, १६ सप्टेंबर १९७९

प्रिय बार्ब्रू,

निवृत्त शिक्षिकेने पुढे काय करावं याबद्दल आपल्या गावात दोन मतं आहेत. बाग करावी, किंवा मरावं. मी तिसराच उद्योग काढलाय. आठवड्यातून दोन संध्याकाळी कामगार सभागृहाच्या माडीवर मी काचकारखान्यातल्या परदेशी लोकांना स्वीडिश शिकवते. सरकार त्यांना शिकायला वेळ देतं, मला कॉफी देतं.

वर्गात एक दानित्सा आहे. युगोस्लाव्हियाची, चाळिशीची, काचेचे पेले कागदात गुंडाळून पेटीत भरण्याच्या कामावर. आवाज असा की तिने “शुभ संध्याकाळ” म्हटलं की खालच्या मजल्यावर पत्ते खेळणारे डाव विसरतात.

सध्या आम्ही ‘श्योपा’ या क्रियापदात रुतून बसलोय. विकत घेणे. तुला वाटेल, त्यात काय कठीण? लिहायचं ‘क’ने, म्हणायचं ‘श’ने, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. दानित्सा म्हणते, “कोपा.”

मी म्हटलं, “श्योपा.”

“मग तिथे क कशाला लिहिलाय?”

“क आहेच. पण पुढे ओठ गोल करून म्हणायचा स्वर आला की तो मऊ होतो.”

“गायीला तुम्ही ‘कू’ म्हणता. ओठ तिथेही गोल होतात. गायीपुढे का मऊ होत नाही?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नव्हता. ती मुलं स्वीडिश होती, त्यांना उत्तर नको होतं, सुट्टी हवी होती. मी घाईघाईने फळ्यावर वाक्य लिहिलं: ‘याग श्योपेर एन कू.’ मी गाय विकत घेते. एकाच वाक्यात दोन्ही क. सगळा वर्ग अर्धा तास गायी विकत घेत होता. शेवटी सभागृहाचा रखवालदार वर येऊन विचारून गेला, गुरांचा बाजार इथे भरणार आहे का.

नंतर किराण्याचा घोळ. ती म्हणाली, “शनिवारी मी दूध, पीठ, कांदे श्योपेर.” मी सांगितलं, आठवड्याच्या सामानाला पिशवी घेऊन निघालीस की ‘हान्द्ला’ म्हणावं, ठरावीक एखादी वस्तू घेतली की ‘श्योपा’. ती म्हणाली, “म्हणजे पिशवी भरली तर एक शब्द आणि हातात मावलं तर दुसरा?” मी म्हटलं, साधारण. तिने वहीत ‘साधारण’ लिहून त्याखाली रेघ मारली.

तुझ्या लेनार्तला नमस्कार. त्याची बँक अजून उभी आहे ना?

मेर्ता

*

गोथेनबर्ग, ३० सप्टेंबर

प्रिय मेर्ता,

तुझं पत्र वाचून आनंद झाला. माझी थोरली बहीण अखेर गुरांच्या व्यापारात उतरली.

लेनार्त म्हणतो, त्या लोकांना शब्द शिकवून काय उपयोग, वर्षभरात तो कारखाना बंद होणार. पेले आता पोलंडहून येतात आणि फुटले तरी कुणी रडत नाही. लेनार्त असंही म्हणतो की मालक-समूहाने एकेफोर्शला हल्ली जो नवा संचालक पाठवलाय, त्याला पाठवतातच कुलूप लावायला. तो कॉर्डुरॉयचं जाकीट घालतो का? मग नक्कीच.

शिवाय तू त्यांना जुनाट भाषा शिकवतेस. इथे मासळीबाजारात परवा एकीने कोळ्याला विचारलं, हा मासा आजचाच का. तो म्हणाला, आजचाच. ती म्हणाली, “हे मी श्योपेर नाही.” म्हणजे मासा नव्हे गं, त्याचं म्हणणं. पटलं नाही असं म्हणायच्या ऐवजी आता सगळे ‘विकत घेत नाही’ म्हणतात. हा अर्थ शिकव, त्यांना रोज लागेल. विशेषतः त्या संचालकासमोर.

बार्ब्रू

*

एकेफोर्श, २१ ऑक्टोबर

प्रिय बार्ब्रू,

तो अर्थ इंग्रजी सिनेमातून वाहत आलेला गाळ आहे, आणि माझ्या फळ्यावर गाळ चालत नाही. गोथेनबर्गमध्ये तुम्ही काय वाटेल ते विकत घ्या.

गंमत म्हणजे याच आठवड्यात दानित्साने तेच विचारलं. जेवणाच्या खोलीत आल्वार कुणाला तरी म्हणाला होता, “हे मी श्योपेर नाही.” आल्वार आठवतो ना? आपल्या शेजारचा, आता मुख्य फुंकारी झालाय. भट्टीतली काच नळीने फुंकून त्याने अख्ख्या गावाला पेले पुरवलेत. दानित्सा म्हणाली, “आल्वारला कुणी काही विकत नव्हतं. मग त्याने नकार कशाला दिला?” मी म्हटलं, ते अशुद्ध आहे, विसर. विकत घेण्याचा अर्थ एकच: किंमत द्यायची आणि वस्तू आपली करायची. ती म्हणाली, “बरं. विसरले.”

कारखान्याच्या फाटकावर सूचना लागली आहे. पुढच्या महिन्यात सर्वांची सभा. लोक हसतखेळत एल्क हरणांच्या शिकारीला गेले आहेत, पण यंदा परत येऊन कुणी बढाया मारत नाही.

हो, कॉर्डुरॉयच आहे. तपकिरी.

मेर्ता

*

एकेफोर्श, १८ नोव्हेंबर

प्रिय बार्ब्रू,

तुझं उत्तर आलं नाही तरी लिहिते, कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

सभा झाली. सभागृह गच्च भरलं होतं. मी मागच्या रांगेत होते. संचालक वेन्नेरहोल्म व्यासपीठावर उभा राहिलाच नाही. टेबलाच्या कडेवर बसला, एक पाय हलवत, टायशिवाय, सगळ्यांना ‘तू तू’ करत. आता सगळा देशच एकमेकांना तू म्हणतो हे मला मान्य आहे, पण माणसाची नोकरी काढून घेताना तरी ‘तुम्ही’ म्हणावं. तो म्हणाला, तेल महाग झालंय, मागणी नाही, समूहाने जिवाचं रान केलं. वसंतात भट्टी विझवावी लागेल. कुणाचा दोष नाही. आपण सगळे एकाच नावेत आहोत. (त्याची नाव स्टॉकहोमला परत जाणार आहे.)

मग तो पुढे वाकला आणि आपुलकीने म्हणाला, “श्योपेर नी दे?”

म्हणजे, पटतंय ना तुम्हाला? तुझा मासळीबाजारवाला अर्थ.

मधल्या रांगेतून दानित्सा उठली. “या,” ती म्हणाली. “वी श्योपेर.” हो. आम्ही विकत घेतो.

‘श’ अगदी नितळ आला, बार्ब्रू. पण सभागृह हसून कोसळलं. मी कोटाची कॉलर कानापर्यंत ओढली. माझ्या शुद्धतेच्या हट्टापायी एक बाई भर सभेत हास्यास्पद झाली होती.

वेन्नेरहोल्मही हसला. बालवाडीतल्या मुलाशी बोलावं तसं म्हणाला, “नाही, नाही. मी विचारलं, मी सांगितलं ते तुम्हाला पटतं का?”

“ते पटत नाही,” दानित्सा म्हणाली. “कारखाना विकत घेतो. किंमत सांग.”

हसणं आधी पहिल्या रांगेत थांबलं. आल्वार मागे वळला आणि पेला उजेडासमोर धरून तडा शोधावा तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. मग एकेक रांग गप्प होत गेली.

“असं... त्याची एक प्रक्रिया असते,” वेन्नेरहोल्म म्हणाला. पाय हलायचा थांबला होता.

“तू स्वीडिशमध्ये विचारलंस, मी स्वीडिशमध्ये उत्तर दिलं. आता किंमतही स्वीडिशमध्ये सांग.”

आणि आल्वार, जो आपल्या बापाच्या अंत्यविधीलाही काही बोलला नव्हता, तो बसल्या जागेवरून म्हणाला, “हो. आकडा ऐकायला आवडेल.”

आकडा वेन्नेरहोल्मकडे नव्हता. कुलूप लावायला पाठवलेल्या माणसाला किंमत कुणी सांगून ठेवत नाही.

मेर्ता

*

गोथेनबर्ग, २ डिसेंबर

प्रिय मेर्ता,

लेनार्त हसता हसता खुर्चीतून पडला. उठून बसल्यावर म्हणाला, अशा वेड्या खुळापासून तुझ्या बहिणीला लांब ठेव. गावकऱ्यांनी कारखाना घ्यायचा, म्हणजे प्रवाशांनी बुडती बोट विकत घेण्यासारखं, आणि तेही बोटीत पाणी शिरलं म्हणून तळ स्वस्तात मिळतोय या आनंदात.

तो म्हणतो, तुझ्या त्या युगोस्लाव बाईला व्याकरण येत असेल, भांडवल येत नाही. तो म्हणतो, आल्वार काच फुंकेल, पण हिशेबाच्या चोपडीवर फुंकर मारून ती फुगत नाही. तो बरंच काही म्हणतो, कागद पुरत नाही.

तू यात पडणार नाहीस, हे मी गृहीत धरते. आपल्या कुटुंबात अक्कल वाटली गेली तेव्हा तू रांगेत माझ्या पुढे होतीस, असं आई नेहमी सांगायची.

इकडे सगळं नेहमीसारखं. लुसियाच्या सणाला केशरी पाव करायचे की विकत आणायचे, एवढाच प्रश्न आहे.

बार्ब्रू

*

एकेफोर्श, २७ जानेवारी १९८०

प्रिय बार्ब्रू,

मी यात पडले आहे. नाकापर्यंत.

समूहाने शेवटी किंमत सांगितली. इतकी कमी की सगळ्यांना अपमान वाटला. कामगारांनी हिस्से घेतले, खाटकाने घेतला, पाद्रीबाबांनी ‘चर्चचा काही संबंध नाही’ असं तीनदा सांगून स्वतःच्या नावाने घेतला. शिकारी मंडळाने नव्या छपरासाठी साठवलेला निधी दिला आणि जुन्याच छपराखाली भिजायचं ठरवलं. परवा भट्टीच्या धगीवर हेरिंग भाजून सगळे एकत्र जेवलो. खारट मासा, बटाटे, डुकराची चरबी आणि भाषणं. भाषणं सर्वांत जड होती.

दानित्साला मी बाजूला घेतलं. म्हटलं, “मला माफ कर. दुसरा अर्थ मी तुला शिकवायला हवा होता. लोक हसले.”

ती म्हणाली, “तो अर्थ मला त्याच आठवड्यात कळला होता. जेवणाच्या खोलीत सगळे दिवसभर तेच म्हणतात. पण तू म्हणालीस विसर. मी आज्ञाधारक विद्यार्थिनी आहे.” आणि माझ्या ताटातला बटाटा उचलून खाल्ला.

म्हणजे ती ठरवून उठली होती. मी दोन महिने लाजत होते ते फुकट.

आता कामाचं. बँक उरलेली रक्कम द्यायला तयार आहे, पण तारण हवं. मी आपलं घर देऊ केलंय. ते दोघींच्या नावावर आहे, तुझी सही लागेल. नाही म्हणालीस तर मी समजेन. खरं सांगायचं तर समजणार नाही, पण रागावणार नाही. आणि बँकेला पुढची योजना लेखी हवी आहे. आल्वारने आणि मी मिळून लिहिली ती सोबत जोडली आहे. लेनार्तला एकदा बघायला सांग. त्याला हसायचं तेवढं हसू दे, पण हसून झाल्यावर चुका सांगू दे. तू नुसती म्हण, तो नाही म्हणणार नाही.

मेर्ता

*

गोथेनबर्ग, १७ फेब्रुवारी

मेर्ता,

लेनार्त बघणार नाही. लेनार्त इथे नाही. गेल्या उन्हाळ्यातल्या झिंग्यांच्या मेजवानीपासून नाही. त्याच दिवशी सगळ्यांनी कागदी टोप्या घातल्या होत्या आणि तो टोपी न काढताच म्हणाला की आता त्याला स्वतःसाठी जगायचं आहे. स्वतःसाठी म्हणजे टेनिस शिकवणाऱ्या एका बाईसाठी.

तू वाचलीस ती त्याची सगळी मतं मीच लिहीत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या मतांचा घरात एवढा साठा झालाय की तो गेला तरी पुरून उरतो. खुर्चीतून पडणं तेवढं मी जोडलं. तो कधीच पडत नसे.

तुला का सांगितलं नाही? कारण तू त्याच्याबद्दल लग्नाआधी जे म्हणाली होतीस ते बरोबर निघालं. आणि बरोबर निघालेल्या मेर्ताला तोंड देण्यापेक्षा मला लेनार्तची पत्रं लिहिणं सोपं गेलं.

तुमची योजना मी वाचली. लग्नाआधी मी जहाज कंपनीच्या कचेरीत हिशेब पाहायचे, हे लेनार्तप्रमाणे तूही विसरलीस. तीन पानं भट्टीवर आहेत, दोन पानं पेल्यांच्या आकारावर, एक पूर्ण पान आल्वारच्या वडिलांवर. विकणार कोण, याबद्दल एक ओळ नाही. खेड्यातल्या फाटकावर बसून तुम्ही कुणाची वाट बघणार आहात? राजाची?

सही पोस्टाने पाठवत नाही. तिथे येऊन करीन की नाही, तेही माहीत नाही. आधी तुझी ती दानित्सा बघायची आहे.

बार्ब्रू

*

एकेफोर्श, २१ फेब्रुवारी

प्रिय बार्ब्रू,

मला संशय होताच. गेल्या वर्षापर्यंत लेनार्तच्या मतांत कधी विनोद नसायचा.

लग्नाआधी मी काय म्हणाले होते ते मला आठवत नाही. (आठवतं. पण मी ते पुन्हा म्हणणार नाही.)

तुझी खोली गरम करून ठेवली आहे. बदामाची क्रीम भरलेले पाव अजून मिळतायत. स्टेशनवर दानित्सा येईल. तिच्याकडे गाडी आहे, आणि परवानाही बहुधा असेल. तू तिला लगेच ओळखशील. आधी आवाज येईल, मग ती.

ये. घरावर सही करू नकोस हवं तर. नुसती ये.

मेर्ता

*

गोथेनबर्ग, ११ मे १९८०

प्रिय मेर्ता,

तुम्हा लोकांमध्ये दोन महिने राहून परत आले तर हे शहर मला फार शांत वाटतं. कुणी ओरडतच नाही. अर्थात निम्मा देश संपावर आहे, तेही एक कारण.

घर पणाला लावल्याचा मला रोज सकाळी पश्चात्ताप होतो. कॉफी झाली की कमी होतो.

आता नीट ऐक. तुमच्या पेट्या मिळाल्या. पेले विकायला बंदराजवळ भाड्याने घेतलेल्या दुकानात मी त्या उघडल्या आणि पहिला पेला उजेडात धरला. बुडबुडे! प्रत्येक पेल्यात, प्रत्येक वाडग्यात, टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे. मला वाटलं, गेलं आपलं घर. दानित्साला फोन केला. ती म्हणाली, “भट्टी नव्याने पेटवलीय, तापमान बसलं नाही. आल्वार दोन दिवस जेवला नाही. फेकून दे.”

फेकायला जागा लागते, म्हणून मी ते खिडकीत मांडले. दुपारी एक बाई आली, गळ्यात लाकडी मणी, हातात विणलेली पिशवी. वाडगा फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, “किती जिवंत आहे! हे मुद्दाम केलंय ना?”

मेर्ता, माझा संसार ज्या माणसाशी झाला त्याच्याकडून मी एक गोष्ट नक्की शिकले: चेहरा न हलवता बोलणं. मी म्हटलं, “अर्थात. यंत्राला हे जमत नाही.”

“हे मी श्योपेर,” ती म्हणाली.

मला क्षणभर कळलं नाही की तिने माझी थाप विकत घेतली की वाडगा. तिने दोन्ही घेतलं. शिवाय तिच्या मैत्रिणींना सांगितलं. शनिवारपर्यंत खिडकी रिकामी झाली. आता एका मोठ्या दुकानाने मागणी दिलीय, इतकी मोठी की मी त्यांना परत एकदा म्हणायला लावलं. अट एकच: बुडबुडे असेच हवेत. आल्वारला सांग. हळूच सांग.

बार्ब्रू

*

एकेफोर्श, ८ जून

प्रिय बार्ब्रू,

हळूच सांगितलं. उपयोग झाला नाही.

आल्वार म्हणाला, “बुडबुडा म्हणजे घाण. बुडबुड्यासाठी माझ्या बापाने माझ्या कानाखाली वाजवलीय.”

“आता बुडबुड्यासाठी पगार मिळेल,” दानित्सा म्हणाली.

“मी नाही करणार.”

“मग काय करणार? बाग?”

तो घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दाराशी बसून त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, लाकडी मण्यांच्या बाईसकट. त्याने मण्यांच्या बाईचा भाग परत वाचायला लावला. मग म्हणाला, “ती काचेला जिवंत म्हणाली?” मी म्हटलं, हो. “मूर्ख आहे,” तो म्हणाला, आणि टोपी घालून कामावर आला.

सगळा कारखाना भट्टीभोवती जमला. आल्वारने लोखंडी कांबीच्या टोकाला ओला बटाटा खुपसला आणि वितळलेल्या काचेत खोल बुडवला. काच अशी खदखदली की पाद्रीबाबा दोन पावलं मागे गेले. दानित्सा टाळ्या वाजवत होती. बुडबुडेच बुडबुडे! मग आल्वार म्हणाला, जरा बसू द्या. बसू दिलं. मग त्याने फुंकायला घेतलं, आणि इतर सगळ्यांनी त्याच्या मागोमाग. काल पेट्या भरायच्या आधी दानित्साने पहिला वाडगा खिडकीशी नेला.

एक बुडबुडा नाही, बार्ब्रू. शोधूनसुद्धा नाही. असं कळलं की खदखदून वर येताना ते मोठे बुडबुडे बारीकसारीक सगळे आपल्याबरोबर घेऊन जातात. जुने कारागीर काच नितळ करायची असली की नेमकं हेच करायचे.

आल्वार म्हणतो, त्याला कल्पनाच नव्हती. इतका दुःखी चेहरा मी त्याच्या बापाच्या अंत्यविधीलाही पाहिला नव्हता. दानित्साने ते स्पष्टीकरण विकत घेतलेलं नाही, आणि तिने ते कुठल्या अर्थाने म्हटलं याबद्दल या वेळी कुणालाही शंका आली नाही. ती एकेक वाडगा कागदात गुंडाळताना स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. मी अर्थ विचारला. म्हणाली, अशुद्ध आहे, विसर.

पण तिने एक वाडगा गुंडाळलाच नाही. संध्याकाळी तो खिडकीत ठेवून ती बराच वेळ बघत उभी होती, आणि आल्वार तिच्यामागे, हात खिशात घालून. त्यातून पलीकडचं तळं दिसत होतं, मध्ये काही नसल्यासारखं.

सोमवारच्या गाडीने पेट्या निघतील. तुझ्या ग्राहकांना सांग की आम्ही दिलगीर आहोत, या खेपेला काच निर्दोष निघाली.

मेर्ता